सूनबाईंचं लेखाशीर्ष

...आणि टाळ्या कोण वाजवतंय? माझे सासरे! कशावर? माझी नोकरी गेली त्यावर! म्हणजे त्यांना बिचाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं, ते टाळ्या वाजवत होते टीव्हीवरच्या अर्थमंत्र्यांना. जसे काही अर्थमंत्री काचेतून वाकून बघणार आणि म्हणणार, "वा, बोर्डवाले खूश दिसतात, चला, अजून दोन पूल वाढवा!" पण तुम्हाला सांगते, टाळी ती टाळीच, आणि ती वाजली माझ्या कानापाशी, कारण मी चहाचे सहा कप घेऊन त्यांच्या शेजारीच उभी होते. एकही कप सांडला नाही. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले हो, दोन महिन्यांची सून काय बोलणार? मी आपली गप्प.

थांबा, असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही कोण, हिची नोकरी कसली आणि सासऱ्यांना एवढा आनंद का?

तर माझ्या सासऱ्यांचा धंदा बोर्डांचा. दुकानांच्या पाट्या नव्हेत. रस्त्यात खणून ठेवलेलं असतं, त्याच्या थोडं अलीकडे एक पिवळा पत्रा उभा असतो ना, 'सावकाश, पुढे काम चालू आहे', तो! तुम्ही तो कधी नीट वाचला नसेल, कोणीच वाचत नाही, म्हणून तर लोक खड्ड्यात जातात. तो पत्रा आमचा. 'वळण घ्या' आमचं. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' तेही आमचंच, आणि दिलगीर हा शब्द त्या घरात मी फक्त पत्र्यावरच पाहिलाय. खाली कारखाना, वर आम्ही. खाली पत्रा कापला की वर माझ्या कानातली हलतात, आणि उशीच्या अभ्र्याला थिनरचा वास. पहिल्या दिवशी मला वाटलं नवऱ्याने काही लावलंय! सरकारने रस्ता काढला की आमची चूल पेटते, सरकारने हात आखडला की सासूबाई भाजीत पाणी वाढवतात. इतकं सरळ आहे ते.

आणि मी? मी पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेतली सहायक... होणारी. त्रेसष्ट जागा, परीक्षा दिली, निकाल लागला, यादीत माझा नंबर एकोणीस! एकोणीस हो, पासष्ट असता तर रडले नसते. कागदपत्रं दाखवली, कागदपत्रांच्या प्रती दाखवल्या, प्रतींवर सह्या आणल्या, ज्याने सही केली तो सही करायला योग्य आहे याचा दाखला आणला... यादीची मुदत एक वर्ष आणि त्यातले चार महिने यातच गेले. मग ऑफिसातले कारकूनसाहेब म्हणाले, "आता बजेट झालं की नियुक्तीपत्रं." तेवढ्यात लग्न ठरलं. माझ्या आईने सांगितलं, "मुलगी सरकारी नोकरीत लागल्यासारखीच आहे." सासूबाईंनी स्वतःच्या बहिणीला सांगितलं, "सून नोकरीत लागलीय." आणि त्या मावशीने साखरपुड्याला आलेल्या सगळ्यांना सांगितलं, "हिच्या सहीशिवाय गावाच्या नळाला पाणी येत नाही!" त्यावर एका आजोबांनी मला तिथल्या तिथे त्यांच्या नळाची तक्रार सांगितली. मी आपली गप्प. म्हटलं पत्र येऊ दे, मग बघू तुमचा नळ.

तर तो बजेटचा दिवस. आमच्याकडे त्या दिवशी खालची यंत्रं बंद, सगळे कारागीर वर, टीव्हीपुढे. सासरे मध्ये, मांडीवर कोरा पत्रा, हातात खडू. अर्थमंत्री रस्ता म्हणाले की सासरे पत्र्यावर आकडा लिहितात, पूल म्हणाले की आकड्याभोवती गोल करतात. आणि भाषण संपायच्या आत पत्रेवाल्याला फोन! ऑर्डर आलेली नाही, टेंडर निघालेलं नाही, मंत्री अजून पाणी पिताहेत, आणि इकडे माल रंगवायला घेतात! का? तर म्हणे, "सूनबाई, ऑर्डर आल्यावर रंगवतो तो पेंटर, ऑर्डरच्या आधी रंगवतो तो व्यापारी!" यावर आमचे पेंटरकाका, म्हणजे तीस वर्षं अक्षरं काढणारे, भुवयांपर्यंत पिवळे झालेले काका, हळूच म्हणतात, "आणि ऑर्डर आलीच नाही, तर पुसतो तोही पेंटर."

भाषण सुरू झालं. अर्थमंत्री म्हणाले, सात हजार किलोमीटर रस्त्यांचं काम! सासऱ्यांचा खडू मोडला. "दुप्पट! गेल्या वर्षाच्या दुप्पट!" पेंटरकाकांनी टोपी उडवली, माझ्या नवऱ्याने शिट्टी घातली, सासूबाई आतून ओरडल्या, "भाजीत पाणी घालू की नको?" "घालू नको! तूप घाल!" आणि त्या गोंधळातच अर्थमंत्र्यांनी पान उलटलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "यासाठी अनुत्पादक खर्चाला कात्री लावून सर्व नवीन पदभरतीला स्थगिती देण्यात येत आहे." आणि सासऱ्यांनी वाजवली टाळी! तीच ती, माझ्या कानापाशी! "शाब्बास! बसून पगार खाणारे कमी करा आणि तो पैसा रस्त्यात घाला!"

सगळे हसले. मग एकेक जण हसायचा थांबला, पंखा बंद केल्यावर पाती थांबतात ना, तसा. पेंटरकाकांनी माझ्याकडे बघितलं. सासूबाई झारा घेऊन बाहेर आल्या. "अहो... म्हणजे आपल्या हिचं?"

"हिचं काय?"

"भरती बंद म्हणाले ना ते!"

"अगं ती नवीन भरती! हिची जुनी! हिची निवड झालीय, निवड झालेल्याला कोण हात लावतंय?" आणि माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात, "होय ना गं?"

आता मला काय माहीत हो! मी अनुत्पादक आहे हे मला त्याच मिनिटाला कळलेलं. नवरा म्हणाला, "होईल गं." आमचे हे ना, प्रत्येक गोष्टीला 'होईल गं' म्हणतात. गॅस संपला, होईल गं. पाय मुरगळला, होईल गं. काय होईल ते कधी सांगत नाहीत.

आणि मग सासऱ्यांनी माझी समजूत काढायला घेतली. कशी? कपांनी! सहाच्या सहा कप ओळीने मांडले. "हे बघ, हा सरकारचा पैसा. हा इथून गेला डांबरवाल्याकडे. डांबरवाल्याने दिला रोलरवाल्याला. रोलर आला म्हणजे बोर्ड पाहिजे, पैसा आला आपल्याकडे. आपण दिला पेंटरला. पेंटरने घेतली चप्पल. चप्पलवाल्याने प्यायला चहा. पैसा फिरला पाहिजे सूनबाई, फिरला की त्याचे सहा होतात!" चहाचे काही सहा झाले नाहीत, सगळ्यांचा गार मात्र झाला. आणि माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? माझा पगार काय माझ्या पेटीत लोणचं होऊन मुरणार होता का? मी चप्पल घेतली नसती? मला तर दोन घ्यायच्या होत्या! आईला चष्मा, रोजचं बसभाडं, प्रयोगशाळेसमोरच्या टपरीवर दुपारचा डबा खाताना एक चहा... माझाही फिरलाच असता की हो, गोल गोल! आणि वर लोकांना पाणी स्वच्छ मिळालं असतं, ते फुकटात! पण सहावा कप उचलून "हा माझा" म्हणायचं धाडस दोन महिन्यांच्या सुनेला असतं का? मी आपली गप्प. कप धुवायला नेले.

दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "चल, विचारून येऊ." एवढा तो चांगला आहे हं. स्कूटरवर मागे बसून गेले ऑफिसात. कारकूनसाहेबांचं टेबल, टेबलावर फायलींची भिंत, भिंतीमागून आवाज.

मी विचारलं, "साहेब, पद आहे ना?"

"आहे."

"रिकामं आहे?"

"अगदी रिकामं."

"आणि यादीत मी आहे?"

"आहात की! एकोणीस. चांगला नंबर आहे."

"मग?"

"लेखाशीर्षाखाली आकडा नाही."

लेखाशीर्ष! मी नवऱ्याकडे बघितलं, नवरा पंख्याकडे. मग साहेबांनी भिंतीवरून डोकं काढलं, आणि खरं सांगते, प्रेमाने समजावलं. "ताई, सरकारी खर्चाची घरं असतात. प्रत्येक घराला नंबर, तेच लेखाशीर्ष. यंत्र घ्यायचं घर वेगळं, माणूस ठेवायचं घर वेगळं. यंत्राच्या घरात पैसा आला, यंत्रं आली. माणसाच्या घराला कुलूप लागलं."

"पण मग यंत्रं चालवणार कोण?"

"तो प्रश्न या टेबलाचा नाही."

मागच्या अंगणात प्रयोगशाळा. म्हटलं, आलोच आहोत तर निदान बघून तरी जाऊ, आपली होणारी खुर्ची. आत एकटे काका, पांढरा कोट, चष्मा कपाळावर. "तू एकोणीस नंबर का? ये ये, बस!... नको, बसू नको, खुर्चीवर बाटल्या आहेत." खुर्चीवर बाटल्या, खिडकीत बाटल्या, जमिनीवर बाटल्या, मधून एक माणूस जाईल एवढी वाट, आणि तीही त्यांच्याच मापाची. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी. 'पाण्याला वास येतो.' 'पाणी पिवळं आहे.' एकीवर बारीक अक्षरात, 'कृपया लवकर सांगा, घरात बाळ आहे.' आणि भिंतीलगत तीन नवी कोरी यंत्रं, अंगावर प्लास्टिक, उद्घाटनाची फीत अजून तशीच! मी म्हटलं, काका, ही का नाही लावत? तर म्हणाले, "लावली होती. लावल्यावर ते विचारतं, पासवर्ड द्या. पासवर्ड कंपनीवाले कोणाला देणार? शिकवलेल्या सहायकाला. सहायक कुठंय?" आणि चष्मा खाली घेऊन माझ्याकडे बोट! "तू! तू कुठंयस?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ? 'काका, मी कुलूप लावलेल्या घरात आहे'? मी आपली गप्प. दाराबाहेर आले तर समोर पिवळा बोर्ड, 'येथे काम चालू आहे', आणि खाली कोपऱ्यात आमच्याच कारखान्याची खूण! नवऱ्याने त्यावरची धूळ रुमालाने पुसली. अभिमान!

त्यानंतर मला नाद लागला. तो म्हणजे बजेटची पुस्तकं वाचायचा. भाषण असतं पाऊण तासाचं, पण पुस्तकं असतात डझनभर, मोबाईलवर सगळी मिळतात, कोणीही वाचावीत, म्हणून कोणीच वाचत नाही. दुपारची सगळी झोपली की मी बसायचे, अंगठ्याने पानं सरकवत. मला फक्त माझं घर शोधायचं होतं. चारशे बाराव्या पानावर सापडलं! 'प्रयोगशाळा सहायक, वेतन.' गेल्या वर्षी आकडा, या वर्षी एक छोटीशी आडवी रेघ. रेघ हो! शून्यसुद्धा नाही. शून्याला निदान पोट असतं.

पण शोधता शोधता वाटेत रस्ते लागले. आणि माझा अंगठा थांबला. सात हजार किलोमीटर खरेच होते, पण भाषणात म्हणाले 'काम'. कसलं काम ते पुस्तकात होतं. दहातले नऊ हिस्से खड्डे बुजवायला आणि डागडुजीला. रुंदीकरण? उरलासुरला एक हिस्सा!

आणि खाली कारखान्यात काय रंगत होतं? पाचशे बोर्ड! पुरुषभर उंचीचे! 'रस्ता रुंदीकरणाचे काम चालू आहे'! मोठा पत्रा, लोखंडी पाय, जमिनीत पुरायचे! खड्डे बुजवणाऱ्यांना असला बोर्ड काय करायचा? ते सकाळी इथे, दुपारी तिथे, त्यांना लागतो काखेत मारून न्यायचा छोटा!

मी नवऱ्याला सांगितलं. काय म्हणाला असेल? ओळखा. "होईल गं!" सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "मला नको सांगू, मी तीस वर्षांत एकदा सांगून बघितलंय." एक दिवस गेला, पन्नास बोर्ड वाढले. दुसरा गेला, अजून पन्नास. शेवटी जेवताना सासरे म्हणाले, "अजून चारशे पत्रे सांगितलेत", आणि माझ्या तोंडून निघालंच, "बाबा, रुंदीकरण नाहीये."

घास थांबले. सगळ्यांचे. मी त्या घरात बोललेलं ते पहिलं अख्खं वाक्य असावं बहुतेक, कारण सासरे आधी दचकले ते आवाजालाच!

"काय नाहीये?"

"रुंदीकरण. खड्डे आहेत. पान दोनशे सहा."

"मी स्वतःच्या कानांनी ऐकलं! सात हजार!"

"सात हजारच आहेत बाबा. पण खड्डे."

"बजेट आम्ही तू जन्मायच्या आधीपासून ऐकतोय!"

"ऐकताय हो. मी वाचलं."

बापरे! सासूबाईंनी हळूच माझ्या ताटात चमचाभर तूप वाढलं. सासऱ्यांनी उष्ट्या हातानेच रस्ते खात्यातल्या इंजिनियरसाहेबांना फोन लावला, स्पीकरवर, मला खोटं पाडायला. "साहेब, रुंदीकरण सुरू कधी करताय?" तिकडून हसण्याचा आवाज. "रुंदीकरण? अहो, आहे त्या खड्ड्यांची रुंदी कमी झाली तरी मिळवली!"

मग पंगतीतच बसलेल्या पेंटरकाकांनी बोटांवर हिशेब केला, "एका मोठ्याचे चार छोटे होतात, मालक. सहाशेचे चोवीसशे." आणि काय धमाल उडाली म्हणता! रात्रंदिवस कापाकापी! 'रुंदी' एका तुकड्यावर, 'करण' दुसऱ्यावर, वर पिवळा हात मारायचा आणि 'सावकाश'! गावातले बाकीचे बोर्डवाले पुरुषभर पत्रे कवटाळून बसले आणि आमचा छोटा बोर्ड गरम भजीसारखा खपला! खोटं कशाला बोलू, काम वाढलं. एक वेल्डर ठेवला. रेडियमच्या पट्ट्या चिकटवायला एक बाई ठेवल्या, त्यांचा नवरा घरी बसलेला, त्या म्हणाल्या, "दोन वर्षांनी माझ्या हातात महिन्याचा पैसा आला." पेंटरकाकांनी खरोखरच चप्पल घेतली! कोपऱ्यावरच्या चहावाल्याने दुसरी किटली घेतली! सासऱ्यांचे कप खरे ठरले हो, मी डोळ्यांनी पाहिलं, पैसा फिरत होता!

आणि माझं नाव पडलं 'आमच्या अर्थमंत्री'. "अर्थमंत्र्यांना विचारा, पुलाचे किती करू?" "अर्थमंत्री, मलनिःसारणाचं काय म्हणतंय पुस्तक?" सकाळी टेंडरं वाचायची मी, दुपारी पत्र्यांना रंग देणारीही मीच, कारण पेंटरकाकांचा खांदा दुखायला लागला आणि माणूस मिळेना. कोपरापर्यंत पिवळी! एकदा नवऱ्याने हिंमत केली. "बाबा, हिला काही पगार द्यायचा का?" सासरे म्हणाले, "घरच्या माणसाला पगार? मग तुझ्या आईला काय देऊ, पेन्शन?" आतून सासूबाई, "देऊन तर बघा!" विषय संपला. मी आपली गप्प, कारण माझं लक्ष दुसरीकडेच होतं.

पुरवणी मागण्या! वर्षाच्या मध्यात सरकार म्हणतं, अरेच्चा, इथे कमी पडले, तिथे उरले, जरा इकडचे तिकडे करू. कारकूनसाहेबांनी मला फोनवर सांगितलं होतं, "ताई, आता एवढीच आशा. तुमच्या घराचं कुलूप तेव्हाच उघडेल. नाहीतर पुढच्या आठवड्यात यादीची मुदत संपली. मग पुन्हा परीक्षा, पुन्हा कागद." प्रयोगशाळेतल्या काकांचाही निरोप, 'मी महिनाअखेरीस निवृत्त. किल्ली कोणाकडे देऊ?'

त्या दिवशी भाषण नव्हतंच, सरळ पुस्तक. सगळे पुन्हा वर जमले, यंत्रं बंद, पण यावेळी मधल्या खुर्चीत मी! सासरे माझ्या शेजारी स्टुलावर, खडू तयार. पानं सरकताहेत... चाळीस... नव्वद... सापडलं! 'प्रयोगशाळा सहायक, त्रेसष्ट पदे.' आणि या वेळी रेघ नव्हती हो! आकडा होता! चांगला लांबलचक! मी ओरडले, "आहे! आकडा आहे!" सासूबाईंनी माझा खांदा धरला, पेंटरकाकांची टोपी उडाली, नवरा म्हणाला, "म्हटलं नव्हतं, होईल!" आणि मी पुढचा शब्द वाचला. 'बचत.'

'गतवर्षी पदे न भरल्यामुळे झालेली बचत. सदर रक्कम रस्ते योजनेच्या माहितीफलकांसाठी वळती करण्यात येत आहे.'

माहितीफलक म्हणजे... बोर्ड. आणि बोर्ड म्हणजे... आणि तेवढ्यात, तुम्हाला खोटं वाटेल, सासऱ्यांचा फोन वाजला. इंजिनियरसाहेब! तीन हजार फलक! मोठे! पुरुषभर! पैसे मंजूर, आजच बोला!

टाळी नाही वाजली यावेळी. सासऱ्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. खडूने पांढरी झालेली बोटं, आणि आवाज अगदी लहान. "बाळ... घेऊ?"

काय सांगू त्यांना? खोलीत वेल्डर उभा, रेडियमवाल्या बाई पदराने हात पुसत उभ्या, पेंटरकाका टोपी उचलायची विसरलेले. नाही म्हटलं असतं तर माझा पगार परत येणार होता का? पलीकडच्या बोर्डवाल्याकडे गेला असता! म्हटलं, "घ्या बाबा. निदान घरात तरी राहील." सासऱ्यांनी ऑर्डर घेतली आणि मग कितीतरी वेळ तो कोरा पत्रा पुसत बसले, ज्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

यादी संपली पुढच्या आठवड्यात. काकांनी किल्ली कारकूनसाहेबांना दिली, ती त्यांच्या टेबलाची नव्हती, त्यांनी पुढे दिली. आणि मी? माझा स्वतःचा पगार मी रोज डब्यातून काढते आणि ब्रशने पत्र्यावर फासते! दोन हात, वर वार्निश. मजकूर काय आहे त्या फलकावर? योजनेचं नाव, रस्त्याची लांबी, आणि खाली मोठ्या अक्षरात 'या योजनेतून निर्माण झालेला रोजगार', पुढे जागा कोरी. आकडा नंतर येणार.

तो आकडा मोजायला परवा एक मुलगी आली. माझ्याच वयाची, खांद्याला पिशवी, हातात सरकारी टॅब, उन्हाने लाल झालेली. कारखान्यात येऊन सासऱ्यांना विचारते, "काका, या योजनेमुळे तुमच्याकडे किती रोजगार वाढले?"

सासरे छाती फुगवून, "दोन! एक वेल्डर, एक रेडियमवाल्या."

तिने माझ्याकडे बघितलं. मी एकशे अठ्ठ्याहत्तरावा फलक रंगवत होते. "आणि या?"

"ही? छे छे, ही सून आहे. घरचीच."

"ताई, तुम्ही काय करता मग?"

आणि मला राहवलं नाही! इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर आलं, एका दमात! म्हटलं, लिही, निवड झालेली, नियुक्ती न झालेली, सकाळी बजेट वाचणारी, दुपारपासून आठ-आठ तास रंगवणारी, अनुत्पादक, बचत झालेली, लेखाशीर्षासकट वळती केलेली... लिही!

तिने सगळं ऐकून घेतलं बिचारीने. मग टॅब माझ्यापुढे धरला. "ताई, यात चारच रकाने आहेत. नोकरी, धंदा, गृहिणी, इतर. तुमचं 'इतर'मध्ये बसतं. पण 'इतर' दाबलं की पुढे बावीस प्रश्न उघडतात, मधेच रेंज जाते, आणि मग अख्खा फॉर्म उडतो." आणि खाली बघत म्हणाली, "मी रोजंदारीवर नाही हो, मला भरलेल्या फॉर्ममागे पैसे मिळतात. सकाळपासून तिसरा आहे हा."

मी ब्रश खाली ठेवला, तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "दाब बाई, गृहिणी दाब. दोघींपैकी एकीचा तरी पगार निघू दे."